इंदुकाकूंची काळी पोरं

"आई ज्या दिवशी नाणी धुवायला काढेल ना, त्या दिवशी मला फोन करा," शुभंकर म्हणाला होता, आणि मी हसले होते.

हसण्यासारखंच होतं ते. इंदुकाकूंचा हा मुलगा रत्नागिरीहून आईकडे आला होता, कूलरची टाकी घासून, गिझरची वायर बदलून आता चहा पीत बसला होता. इंदुकाकू स्वयंपाकघरात. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आवाज खाली घेतला.

"गॅस विसरते, किल्ली विसरते, त्याचं काही नाही. मीही विसरतो. पण नाणी धुतली तर समजायचं."

"दादा, त्या मला धरून धुतील, पण नाण्यांना पाणी लावणार नाहीत."

तोही हसला. मग त्याची रिक्षा आली आणि तो गेला. मी माझ्या मुलीला, सावनीला, कडेवर घेऊन जिना चढले. तेव्हा तिच्या दाढा येत होत्या, मी बसल्या जागी पेंगत होते, आणि माझ्या डोक्यात त्याच्या वाक्याला जागाच नव्हती.

आम्ही जयपूरला मालवीय नगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. प्रसन्न, म्हणजे माझा नवरा, सकाळी सीतापुऱ्याला ऑफिसात जातो तो अंधार पडल्यावर येतो. मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. दुपारी माझ्या मीटिंगा असतात आणि त्याच वेळेला सावनीला माझ्या मांडीवर बसून लॅपटॉपची बटणं काढायची असतात. इंदुकाकू तळमजल्यावर. सगळ्या इमारतीत मराठी बोलणाऱ्या एवढ्याच. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी जिन्यातून ओरडून विचारलं होतं, "कुठल्या गं तुम्ही?" मी म्हटलं, कराडच्या. "मग वर काय करतीस? खाली ये की!"

तेव्हापासून सावनीच्या दुपारी खाली जायला लागल्या. आणि खाली नाणी होती.

काकूंचे यजमान फौजेत होते, शेवटची बदली जयपूरची. ते निवृत्त झाले आणि इथंच राहिले; आता ते नाहीत. काकूंनी सांगानेरला छापाच्या कापडाच्या एका कारखान्यात तपासणीचं काम धरलं. ठसा सरकलाय का, रंग फुटलाय का, ते बघायचं आणि ठाण घडी करून बांधायचं. तिथं जपानहून एक बाई दरवर्षी निळं कापड घ्यायला यायच्या. एका वर्षी जाताना त्यांनी काकूंच्या हातावर एक नाणं ठेवलं. गोल, तपकिरी, मधोमध चौकोनी भोक.

"मला काय माहीत काय ते," काकू सांगायच्या. "मला वाटलं, बाईला आपली रीत ठाऊक हाय. माझ्या लहानपणी माझ्या करगोट्यात आईनं भोकाचा पैसा बांधला होता, नजर लागू नये म्हणून. शुभ्या तेव्हा रांगत होता. घरी आले आणि त्याच्या करगोट्यात ओवून टाकला!"

पुढच्या वर्षी त्या बाईंनी विचारलं, नाणं कुठाय? काकू मुलालाच घेऊन गेल्या आणि झबलं वर करून दाखवलं. जपानी बाई आधी गप्पच झाल्या म्हणे. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ते नाणं तीनशे वर्षांपूर्वीचं होतं. तलवारी लावून फिरणारे सरदार होते, त्या काळातलं. त्यानंतर बाई दर खेपेला एकेक आणू लागल्या आणि कुठलं कसं ओळखायचं तेही शिकवू लागल्या. बाई यायच्या थांबल्यावर काकूंनी स्वतःच शोधायला सुरुवात केली. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, परदेशी पाहुणे उतरतात त्या हॉटेलांतल्या पोरांना सांगून ठेवून, आणि शुभंकरनं मोबाइल घेऊन दिल्यावर त्याच्यावरून.

सगळी नाणी पोहे निवडायच्या जुन्या परातीत, फडक्यावर मांडलेली असायची. गोल, चौकोनी भोकाची जास्त. काहींच्या पाठीवर लाटा होत्या. काहींच्या पाठीवर एक अक्षर होतं, ते काकूंना डोक्यावर टोपी आणि पायांची कैची केलेल्या माणसासारखं दिसायचं, म्हणून त्यांचं नाव टोपीवाला. "एक मोठा बुद्ध होता, तो वितळवून ह्यांचं तांबं निघालं, असं जपानी बाई सांगायच्या. खरं खोटं त्या देवालाच माहीत." एक लंबगोल होतं, तळहाताच्या खळग्यात बसणारं, जड. एक चांदीचं, चौकोनी, लहान मुलांच्या बिस्किटाएवढं. आणि एका वेगळ्या डब्यात काळी. तिकडं तांबं कमी पडलं तेव्हा लोखंडाची पाडलेली.

ह्या काळ्यांना बाजारात कोणी विचारत नाही. काकूंचा जीव मात्र त्यांच्यावरच. "गरिबाघरची पोरं ही. जरा पाणी लागलं की संपली." पावसाळ्यात त्यांच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या घालायच्या, म्हणून माझ्याकडच्या सगळ्या पार्सलांतल्या पुड्या खाली जायच्या. शुभंकर त्यांना रत्नागिरीला चला म्हणायचा, दर फोनवर म्हणायचा. उत्तर ठरलेलं. "समुद्राच्या हवेत माझी काळी पोरं कुजतील. जयपूरची हवा कोरडी, त्यांना मानवलीय."

"आणि तुला गं, आई?"

"मला काय, मी कुठंबी गंजते."

माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. सावनी सगळं तोंडात घालायची. ते बिस्किटासारखं चांदीचं नाणं तर गिळण्याएवढंच होतं. मी ते वरच्या फळीवर ठेवायला लावलं. पुड्यांवर इंग्रजीत 'खाऊ नये' लिहिलेलं असतं, म्हणून डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद करायला लावलं. गोल नाण्यांवर हिरवट थर असतो, तो विषारी असतो का, ते मी मीटिंग चालू असताना शोधून वाचलं. तळमजल्यावरून जरा वेळ आवाज आला नाही की कानातले इअरफोन काढून जिन्यात जायचे. खाली दोघी जमिनीवर पालथ्या पडून एका नाण्याकडे बघत असायच्या.

"कडेनं धर. असं. बोटाचा घाम लागतो त्याला."

"टोपी-भैया!" सावनी म्हणायची.

"भैया नाही, आजोबा म्हण. तीनशे वर्षांचा हाय."

एकदा मी म्हणालेच, "काकू, निदान ही तांब्याची तरी एकदा चिंचेनं घासून घेऊया का? मुलीच्या हाताला हिरवं लागतं."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या देवघरात चप्पल घालून गेले असते तरी त्यांनी असं पाहिलं नसतं.

"घासायला घरात भांडी नाहीत का तुझ्या? जा, नवऱ्याचं डोकं घास. किती माणसांच्या हातांतनं आलंय ते, त्यांचा मळ हाय त्याच्यावर. तो काढलास तर उरलं काय? पत्र्याचा तुकडा."

"पण सावनीच्या..."

"सावनीचे हात धू. हात कशासाठी दिलेत?"

शुभंकरनं लहानपणी एकदा आईला खूश करायला नाणी चिंचेनं लख्ख केली होती. आयुष्यात तेवढ्याच वेळेला आईचा मार खाल्ला, असं तो सांगायचा.

यंदा दिवाळीच्या आधीची गोष्ट. सगळी इमारत झाडत होती. जिन्यात गाद्या, गॅलऱ्यांत पडदे. वरच्या मजल्यावरची कोचिंगची मुलं गावाला गेली होती. मी रात्रभर सावनीचा ताप बघून दिवसभर काम केलं होतं; ताप उतरल्यावर दुपारी ती खाली गेली होती. संध्याकाळी तिला आणायला खाली गेले तर दारातच चिंचेचा वास आला.

काकू स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसल्या होत्या. पुढे वर्तमानपत्र, त्यावर देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, निरांजन, सगळं उजळून पिवळं. आणि देवांच्या पुढे ओळीनं नाणी. गुलाबी, सोनेरी, डोळ्यांवर येतील अशी. सावनीच्या कोपरापर्यंत चिंचेचा कोळ होता.

"आई, चकचक!"

"बघ गं मधू," काकू म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाला मळकी कशी ठेवायची? देवांबरोबर टोपीवाल्यांनाबी आंघोळ घातली."

आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, काकूंनी अखेर माझं ऐकलं. एवढ्या हट्टी बाईनं माझ्या मुलीपायी आपला हट्ट सोडला. दिवसभरात कोणीतरी माझ्यासाठी केलेलं ते एकच काम होतं, आणि मला ते हवं होतं. मी त्यांना म्हटलं, "काकू, किती छान दिसतायत." फोटो काढला. देव, नाणी आणि मधे सावनीचे तपकिरी हात. वर येऊन स्टेटसला ठेवला. "दिवाळीची तयारी, इंदुकाकू स्टाइल."

मी कुकर लावत होते तेव्हा शुभंकरचा फोन आला.

"वहिनी, फोटो बघितला." मागे त्याच्याकडे कोणीतरी टीव्ही बंद केला. "ते कोणी घासलं?"

"काकूंनीच. देव घासता घासता..." कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला.

"सगळी घासली? टोपीवालेपण?"

"हो."

"आणि काळी?"

काळा डबा मी ओट्यावर पाहिला नव्हता. तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्याच्या तोंडून एवढ्या हलक्या आवाजात मी कधी काही ऐकलं नव्हतं. मी रोज दुपारी एका मुलीच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिच्या समोर बसलेल्या बाईकडे बघायचं राहून गेलं होतं. कूलर चालू असताना, त्याला उघड्या लागणाऱ्या खिडक्या लावून घेणं, मला दोनदा 'कराडची का गं तू?' विचारणं, सावनीला मधेच 'शुभ्या' म्हणणं. हे सगळं मी पाहिलं होतं. लाडानं म्हणतात, असं समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सावनीला न घेता खाली गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर परात. नाणी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरत होत्या. कडेनं, अगदी नेहमीसारख्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत.

"कोणी केलं हे?"

"काकू..."

"बघ, टोपीवाल्याचं नाकडोळं राहिलं नाही. ह्या लाटा बघ. जपानी बाईनं पहिल्यांदा दिलेलं, शुभ्याच्या करगोट्यातलं, हे बघ काय झालंय." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. "तूच म्हणत होतीस ना, चिंचेनं घासूया म्हणून? मी नाही म्हटलं तर माझ्या माघारी घासलीस?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. समोर देव्हाऱ्यात देव उजळलेले, ओट्याच्या कडेला चिंचेचा चोथा वाळलेला. मी तो बघत होते. त्यांनीही पाहिला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला त्यांची भीती दिसली. देव कोणी घासले, ह्याच्यापाशी त्या पोचल्या होत्या. आणखी एक पाऊल, की पुढचं कळलं असतं.

"हो काकू," मी म्हटलं. "मीच घासली. चुकलं माझं."

चेहरा निवळला. मग संताप आला, पण तो जुना, ओळखीचा संताप होता.

"चालती हो. आणि पोरीला खाली आणू नकोस. तुझ्या पोरीच्या हाताला हिरवं लागतं म्हणून माझं घर धुऊन काढतीस? परत पाय ठेवू नकोस इथं."

मी जिना चढले. अर्ध्यावर बसले. जिन्यात कोणाची तरी झाडलेली गादी उभी केली होती, तिला टेकून.

प्रसन्न म्हणाला, "तू कशाला अंगावर घेतलंस?" मी म्हटलं, तू त्यांचा चेहरा पाहिला नाहीस. तो म्हणाला, "बरं, आता काय?" आता काय, ते मलाही माहीत नव्हतं. शुभंकरनं डॉक्टरांची वेळ घेतली. काकूंनी फोनवर सांगितलं, "मला काही झालं नाही. वरच्या बाईला दाखवा डॉक्टरला." प्रसन्न फराळाचं ताट घेऊन खाली गेला. काकूंनी दार फटीएवढं उघडलं. "बायकोनं पाठवलं?" तो बिचारा हो म्हणाला. ताट परत आलं. पुढच्या वेळेला नाही म्हण, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, खोटं मला जमत नाही. तुला जमतं, असं तो म्हणाला नाही, पण ताट ओट्यावर ठेवताना माझ्याकडे पाहिलं.

सावनी दुपारी जिन्याच्या लोखंडी दाराला धरून उभी राहते. "दादी के पास जाना है." मी तिला मराठीत बोल म्हणत नाही आता. मीटिंग चालू असते, मी बोलत असते, आणि कान खाली असतात. आधी खालून आवाज आला नाही की सावनीसाठी धावायचे, आता काकूंसाठी जिन्यात येते. कडीपर्यंत जाते आणि परत येते. दूधवाला भैया पिशवी अडकवून जातो, ती कधी आत जाते ते बघते. कपडे वाळत पडले का, बघते. खिडकीचा पडदा सरकला का, बघते. प्रसन्न म्हणतो, तू झोप. झोपेन की, खालचा दिवा बंद झाला की.

शुभंकर शिकवतो त्या कॉलेजात परीक्षा आहेत. रजा मिळाली की येतो म्हणालाय. आला की त्यांना रत्नागिरीला नेईल. त्याशिवाय इलाज नाही, असं तो म्हणतो, आणि मलाही दुसरं काही सुचत नाही. फोनवर त्यानं मलाच विचारलं, "काळी नाणी घेऊन जाऊ की तिथंच कोणाला देऊ?" मी म्हटलं, ती सोबतच असू देत. "इकडं गंजतील," तो म्हणाला.

दिवाळी होऊन गेली. कंदील उतरले. आज सकाळी सावनीचे कपडे वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेले आणि खाली काकूंच्या अंगणात ओट्यावर एक वाडगा दिसला. त्यात चिंच भिजत घातलेली. आमटीसाठी असेल. त्यांच्या आमटीत चिंच असतेच. पण शेजारी तो काळा डबाही होता. झाकण लावलेलं, माझी चिकटपट्टी अजून शाबूत.

मी खाली गेले, कडी वाजवली. "कोण?" मी नाव सांगितलं. "घरात कोणी नाही," काकू आतून म्हणाल्या.

म्हणून ही विनंती. तुमच्यापैकी कोणी जयपुरात असेल, मालवीय नगराकडे येणं होत असेल, तर बागेसमोरच्या पिवळ्या फाटकाच्या इमारतीत या. तळमजला, दारावर सुकलेलं तोरण. बेल वाजत नाही, कडी वाजवा. माझं नाव घेऊ नका. म्हणा, जपानी नाणी बघायला आलोय. नाण्यांचं नाव काढणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला त्या घरात घेतात. ह्याच गोष्टीवरून मी त्यांना किती बोललेय. तुम्हाला आधी हात धुवायला लावतील, मग नाणं कडेनं धरायला शिकवतील. जपानी बाईची गोष्ट सांगतील, ती पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐका. मग काळी दाखवा म्हणा. एखादं हातात आलं की एवढंच विचारा, "केवढं मळलंय हो हे, धुऊन देऊ का?"

तुमच्यावर डाफरल्या, नवऱ्याचं नाहीतर बायकोचं डोकं घासायला सांगितलं, तर मुकाट ऐकून घ्या, चहा प्या आणि जा. मला कळवलं नाहीत तरी चालेल.

'हो' म्हणाल्या, तर डबा हातात धरून ठेवा आणि त्यांच्याजवळ बसून राहा. मी वरच आहे. अंगणात येऊन नुसती हाक मारा.